मल्हारीमामांची गळाची काठी

आमच्या शेजारचे मल्हारीमामा बुरूड गल्लीत शिरले, की दुकानदार चांगले कळकाचे बांबू आत नेऊन ठेवायचे. मामा विकत काही घ्यायचे नाहीत. कळकाच्या शेंड्याला दोरी बांधायचे, दोरीला एक वांगं, आणि भर गल्लीत ते वांगं लांब भिरकावायचे. एकदा ते समोर चहा पीत बसलेल्या माणसाच्या बशीत पडलं. मामा त्याला म्हणाले, "हलू नका, जरा वढून बघू द्या."

हा सगळा खटाटोप गळाच्या काठीसाठी. बहात्तरचा दुष्काळ सरून हिप्परग्याचा तलाव पुन्हा भरला होता, तेव्हाची गोष्ट. मामा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मूळचे सीनाकाठचे, त्यामुळे मासे धरायचा नाद जुना. पण आता त्यांना एकच काठी अशी हवी होती, जी हिप्परग्याच्या गोड्या पाण्यातल्या मरळीलाही चालेल आणि रत्नागिरीच्या खाडीलाही. सोलापुरात बसून समुद्राची काठी शोधणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

एक कळक पसंत पडेल तर शपथ. "ही मुनिमावानी ताठ हाय." "ही जावयावानी वाकती." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "टोक बोललं पायजे. मासा नुसता हुंगून गेला तरी हाताला कळाय पायजे."

रत्नागिरीला त्यांची एकुलती लेक शेवंता दिलेली. जावई बंदरावर नोकरीला. लग्नाला चार वर्षं झाली, पण मामा एकदाही तिकडे फिरकले नव्हते. दिवाळीला आली की ती म्हणायची, "आप्पा, या की एकदा." मामा म्हणायचे, "काठी ठरली की निघतो."

मी एसटीत बुकिंगला. सारखा विचारायचो, "मामा, सीट ठेवू का?"

"थांबा की ओ बुकिंगवाले. काठी कुटं गावलीय अजून?"

एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, तुम्हाला लेकीला भेटायचंय की माशाला?"

मामा ओट्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "पोरीला अजून पोरबाळ न्हाय. तवर तिच्या घरचं अन्न बापाला चालत न्हाय आमच्यात. आन हे तिला तोंडानं सांगू? आदीच झुरती ती." म्हणून त्यांनी बेत रचला होता. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून न्यायची. पाणी म्युनिसिपालटीच्या नळाचं. आणि कालवणाला मासा स्वतः धरलेला. "म्या धरला म्हंजे त्यो माझा. पोरीला वाटंल, बापाला माशाचा नाद. पण काठी चुकली तर समदं उघडं पडतंय."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या सुट्टीला मीच वांगी घेऊन त्यांच्याबरोबर बुरूड गल्लीत गेलो.

अखेर एक कळक बोलला. बुडाला जाड, शेंड्याला निमुळता. हिप्परग्यावर त्याने पहिल्याच दिवशी मरळ काढली. मामांनी पेरांना चादरीचा दोरा गुंडाळला, खाऱ्या पाण्यासाठी करडईचं तेल पाजलं. बसमध्ये ती काठी सगळ्या बाकांखालून आडवी ठेवली आणि रत्नागिरीपर्यंत सगळी गाडी तिच्यावर पाय ठेवून गेली.

आठवड्याने परत आले. अंगाने चक्क भरले होते.

"काय मामा, बोललं का टोक?"

"कशाचं वो. भरती कवा, ओहोटी कवा, कायबी उमगलं न्हाय. एक मासा गावला न्हाय."

"मग भाकरीवर काढलंत?"

"भाकरी दुसऱ्या दिवशीच मऊ पडली, मग बुरा आला. हितं म्हैनाभर टिकती की. तितल्या हवेचं ध्यानातच आलं न्हाय." मामा काठी धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. "सांजला रिकामा घरी आलो. पोरगी ताट वाढून दारात हुबी. म्हणली, आप्पा, तुमी का जेवत न्हाय ते मला पयल्यापासनं ठावं हाय. पोर हुईल तवा हुईल. मी तुमचं पोर न्हवं का?"

"मग?"

"मग काय. जेवलो की. भात दोनदा घेतला."

मी विचारलं, "आता दुसरी काठी बघायची का?"

"कशाला? हीच बेस हाय," मामा म्हणाले. "दिवाळी झाली की माझी सीट धरा."