पाच भूर्जांचा नळ

झाडाला पंप लागत नाही, असं विस्वाल्दिस मास्तरांनी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते करून दाखवायची संधी त्यांना चालून आली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

लाटव्हियातल्या त्यांच्या गावात बर्फ वितळला की घरोघरी भूर्जाच्या, म्हणजे बर्चच्या, खोडाला बोटभर भोक पाडून खाली बादली टांगतात. दिवसभर रस टपकत राहतो, पाण्यासारखा पातळ आणि जेमतेम गोड; लोक तो आवडीनं पितात. यंदा शेजारच्या वेल्टाबाईंचा गुडघा धरला होता, त्यामुळे बादल्या वाहणं त्यांना जमणार नव्हतं. मास्तरांनी ठरवलं, बादल्या हव्यात कशाला? आपल्या चढावरच्या पाच भूर्जांना नळ्या लावायच्या, त्या कुंपणावरून खाली न्यायच्या आणि रस थेट वेल्टाबाईंच्या तळघरातल्या पिंपात सोडायचा! ईस्टरच्या सकाळी पिंप काठोकाठ भरलेलं असेल. मग त्यांना तिथे न्यायचं आणि लग्नाचं विचारायचं.

कारण मास्तरांना नुसतं जाऊन विचारणं जमतच नव्हतं. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. मास्तर दोन वर्षांपासून विचारायच्या तयारीनं जात, बटाट्यांवर तासभर बोलत आणि परत येत. ते बटाटेही वेल्टाबाईंच्याच तळघरात ठेवलेले, म्हणून तिथली किल्ली त्यांच्याकडे होती.

बुधवारी वेल्टाबाई बाजारात गेल्या आणि मास्तरांनी काम उरकलं. हिशेब चोख होता. एक झाड दिवसाला तीन लिटर, पाच झाडं पंधरा लिटर, साठ लिटरचं पिंप ईस्टरच्या रविवारी सकाळी भरणार. त्या आनंदात त्यांनी दुकानात जाऊन सांगितलंसुद्धा, की यंदा ईस्टरला गल्ली तोंडात बोट घालील. कशामुळे, ते सांगितलं नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी असं ऊन पडलं की लोकांनी स्वेटर काढले. मास्तरही खुर्ची टाकून अंगणात निवांत बसले. उन्हानं जमीन ऊबदार झाली की मुळं कितीतरी पट जोमानं पाणी वर ढकलतात, हे त्यांनीच एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. पण स्वतःचं पिंप भरत असताना माणसाला स्वतःचा धडा आठवत नाही!

शनिवारी सकाळी वेल्टाबाईंच्या अंगणात गर्दी दिसली. मास्तर धावतच गेले. तळघराच्या खोलगट कोपऱ्यात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं आणि नळकाम करणारा एल्मार्स पाण्याची वाहिनी फुटल्याचं जाहीर करत होता. हा एल्मार्स मास्तरांचाच जुना विद्यार्थी, वनस्पतिशास्त्रात दोनदा नापास झालेला. त्यानं सगळ्या गल्लीचं पाणी बंद केलं होतं. तासभर झाला, तरी तळघरातलं पाणी वाढतच होतं.

बटाट्यांच्या ढिगामागचं पिंप त्यांना एकट्यालाच माहीत होतं. आता बोलावं, तर गल्लीतल्या बारा घरांसमोर बोलावं लागणार. आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, ऐन अंडी रंगवायच्या वेळी, ती बाराही घरं कोरडी होती. रंगासाठी कांद्याची टरफलं उकळायला कुणाकडे थेंब नव्हता. लोक एल्मार्सला शिव्या देत होते, एल्मार्स वाहिनीला देत होता आणि मास्तर बटाट्यांचा ढीग पाठीनं झाकून उभे होते.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात," एल्मार्स म्हणाला. "पाणी बंद केल्यावर पाणी येतं कुठून?"

"जमिनीतून," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

वेल्टाबाईंनी तोवर पातेलं बुडवून घोटभर पाणी चाखलं होतं. मग त्या गल्लीला म्हणाल्या, आपापली भांडी आणा, स्वच्छ आहे, अंडी यातच उकडा. लोकांनी रांग लावली. अर्ध्या तासात घराघरांतून निरोप आले की अंड्यांना रंग छान चढलाय, पण कॉफीत साखर कुणी घातली?

तेवढ्यात एल्मार्सनं मोठा हातोडा आणला. तळघराची फरशी फोडून वाहिनी शोधायची होती. ती फरशी वेल्टाबाईंच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बसवलेली. मास्तरांनी वेल्टाबाईंचा उतरलेला चेहरा पाहिला आणि सरळ पाण्यात उडी मारली.

"थांब! ही वाहिनी नाही. हे माझे भूर्ज आहेत."

मग सगळं बाहेर आलं, पण मास्तरांच्या पद्धतीनं! लाकडात केसांहून बारीक नळ्या असतात, मुळं जमिनीतलं पाणी आणि क्षार त्यातून वर चढवतात, गेल्या वर्षी पानांनी करून मुळांत ठेवलेली साखरही कोवळ्या कळ्यांसाठी त्यातूनच वर जाते. आपण मधेच भोक पाडून ती वळवली, पण ऊन हिशेबात धरलं नाही. गल्ली पातेली घेऊन ऐकत होती. एल्मार्सला तर पहिल्यांदाच सगळं समजलं.

"पण माझ्या तळघरात का वळवली?" वेल्टाबाईंनी विचारलं.

"तुमचा गुडघा... आणि उद्या मी तुम्हाला लग्नाचं विचारणार होतो."

"मास्तर, कुंपणावरून पाच नळ्या लोंबताहेत. एल्मार्सला बोलावल्यावर मी चव घेतली आणि वर चढाकडे पाहिलं. म्हटलं, बघू तरी, हा माणूस कधी तोंड उघडतो. फरशी फुटायची वेळ आली, तेव्हा उघडलंत हो!" त्या हसल्या. "हो. करू लग्न."

"पण एक आहे," मास्तर घाईघाईनं म्हणाले, "पानं फुटली की हा प्रवाह बंद होतो, मग पानंच पाणी वर ओढायला लागतात आणि साखर खाली, सालीच्या आतल्या..."

"मास्तर," एल्मार्स ओरडला, "बाई हो म्हणाल्या!"

"कधी?" मास्तरांनी दचकून विचारलं.

वेल्टाबाईंनी पुन्हा सांगितलं. या खेपेला बारा घरं त्यांच्याबरोबर एका सुरात "हो" म्हणाली, तेव्हा कुठे ते मास्तरांच्या डोक्यात चढलं.