पाच कोटी ठोक्यांची हमी

माझ्याबद्दल मी स्वतः बोलावं हे मला बरं वाटत नाही, पण दुसरं कोणी बोलत नसल्यामुळे इलाज नाही. मी खासगी गुप्तहेर आहे. नजर घारीची, कान सशाचे, नाक शिकारी कुत्र्याचं. फक्त ते सर्दीमुळे वर्षातले आठ महिने रजेवर असतं. जिन्यावरच्या पावलांवरून मी येणाऱ्याचं वय, वजन आणि तो घरी कोणाशी भांडून आला आहे हे सांगू शकतो. परवाच मी खुर्चीत डोळे मिटून म्हणालो, "साठीचा पुरुष, डाव्या पायाने अधू, बायकोशी भांडलेला." दार उघडून माझी बायको आत आली. भांडणाचा भाग बरोबर निघाला, पण तो थोडा नंतर.

आजवर मी एकोणीस प्रकरणं हाताळली. त्यांतली सुटली किती, हे उथळ माणसं विचारतात.

माझे सहायक म्हणजे माझे सासरे. त्यांनी चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. टाइपरायटर संपले, सासरे उरले. घरी बसून ते काहीतरी उघडत राहतात. बायकोचा मिक्सर तिसऱ्यांदा उघडला तेव्हा ती मला म्हणाली, "बाबांना उद्यापासून तुमच्याबरोबर न्या. तुमच्याकडे बिघडण्यासारखं काही नाही."

विसाव्या प्रकरणाची सुरुवात एका बुधवारी सकाळी झाली. आमच्या वरच्या मजल्यावर पाणीपुरवठा कार्यालयाच्या संचालकबाई राहतात. कडक बाई. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की लिफ्टसुद्धा सरळ उभी राहते. त्या स्वतः आमच्या दारात आल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाहेर कुठे बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या कार्यालयातल्या चौसष्ट माणसांचे गोपनीय अहवाल मी मुख्यालयाला पाठवले. त्यात मीटर विभागातला एक कारकून आहे. सगळे त्याला पाहुणा म्हणतात."

"का बरं?"

"कार्यालयात तसा येतो. कधीतरी, उशिरा, आणि चहा घेऊन जातो."

या पाहुण्याविषयी बाईंनी मनापासून वाईट लिहायला सांगितलं होतं. टायपिस्टबाईंनी ते टाइप केलं, संचालकबाईंनी चौसष्ट सह्या केल्या, आणि महिन्याभराने मुख्यालयाचं पत्र आलं: इतका गुणी कर्मचारी आजवर कारकून का राहिला, याचं आश्चर्य वाटतं, येत्या एक तारखेपासून त्याला मीटर विभागाचा प्रमुख करण्यात येत आहे.

त्यांनी अहवालाची प्रत माझ्यापुढे ठेवली. मी ती मोठ्याने वाचली.

"सदर कर्मचारी नियमित सून कामात कार्यक्षम आहे. त्याचे वर्तन समाधानकारक व बोलणे सभ्य आहे. बढतीसाठी तो पूर्णपणे पात्र आहे."

"मी याच्या बरोबर उलट सांगितलं होतं. कोणीतरी अहवाल बदलला. टायपिस्टबाईंशिवाय त्याला कोणाचा हात लागत नाही. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर मला त्यांना निलंबित करावं लागेल. सव्वीस वर्षांची नोकरी आहे त्यांची. माझ्याच्याने होत नाहीये ते."

"सह्या करताना तुम्ही वाचलं नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी आमच्या छताकडे, म्हणजे स्वतःच्या घराकडे पाहिलं. त्या चौसष्ट वेळा वाचण्यातल्या नव्हत्या.

"आणि ही सून कोण?" सासरे म्हणाले.

"टायपिंगची चूक असेल," बाई म्हणाल्या.

मी हसलो. गुप्तहेराने योग्य वेळी हसावं लागतं. "बाई, गुन्हेगार चूक करत नाही. खूण ठेवतो. या प्रकरणात एक सून आहे."

तासाभराने आम्ही कार्यालयात होतो. टायपिस्टबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. चष्म्याला दोरी, पाठ ताठ, बोटं अशी चालत होती की खोलीत टपोऱ्या गारा पडत असल्याचा भास व्हावा. हा आवाज त्यांच्या कीबोर्डचा होता. सहा महिन्यांपूर्वी संचालकबाईंनी स्वतः पसंत करून असे साठ मेकॅनिकल कीबोर्ड घेतले होते. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, दाबलं की टिक् असा खणखणीत आवाज, आणि खोक्यावर छापलेलं: प्रत्येक बटणाला पाच कोटी ठोक्यांची हमी. असे कीबोर्ड महाग असतात. हे स्वस्तात मिळाले, म्हणून संचालकबाईंचा सगळ्या खात्यात लौकिक झाला होता.

मी भिंग काढून कीबोर्डवर वाकलो आणि ताडकन सरळ झालो. निम्म्या बटणांवर अक्षरंच नव्हती.

"बाबा, लिहून घ्या. गुन्हेगाराने बोटांचे ठसे पुसले, आणि घाईत अक्षरंही पुसली."

"रंग हलका आहे," सासरे म्हणाले. "वापरून गेला."

"सहा महिन्यांत?"

"सव्वा महिन्यात गेला," टायपिस्टबाई टाइप करता करता म्हणाल्या. "स्पेसचं बटण त्याच्याही आधी तिरकं झालं."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि अचानक, समोरचा सावध नसताना विचारावं तसं विचारलं, "सून कोण आहे?"

त्यांची बोटं थांबली. "माझी? नर्स आहे. का हो, तिला काही झालं का?"

"पाहुण्याला ती ओळखते?"

"कोणाच्या घरच्या पाहुण्याला?"

बाई भलत्याच पक्क्या होत्या. मग मी सांगितलं की अहवाल बदलला गेला आहे आणि संशय त्यांच्यावर आहे. त्यांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"सव्वीस वर्षं मी कानाने ऐकते आणि बोटाने टाइप करते," त्या सावकाश म्हणाल्या. "मध्ये डोकं आणत नाही. गोपनीय कागद वाचायचा नसतो, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी कोणाचा काना बदलला नाही, मात्रा बदलली नाही. तुम्ही सुनेला मध्ये आणू नका. ती रात्रपाळी करून झोपली असेल."

मला वाईट वाटलं, पण गुप्तहेराला ते परवडत नाही. सासऱ्यांना तिथेच बसवून मी पाहुण्याकडे गेलो.

आता हा माणूस जागेवर सापडणार नाही, अशी माझी खात्री होती. तो जागेवर होता. त्याच्यापुढे अर्जांचे दोन गठ्ठे होते, एक उंच, एक बुटका, आणि तो उंचातला कागद बुटक्यावर ठेवत होता.

"तुम्ही इथे काय करताय?" मी दरडावून विचारलं.

"मलाही कळत नाही," पाहुणा म्हणाला.

गोल चेहऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. त्याने मला बसायला सांगितलं आणि विचारण्याआधीच बोलायला लागला. "मुख्यालयाचं पत्र आलं, त्यात अहवालातली वाक्यं होती. नियमित. कार्यक्षम. सभ्य. आधी वाटलं, कोणी चेष्टा केली. घरी बायकोला दाखवलं, तीही म्हणाली, पत्ता चुकला असेल. मग वाटलं, बाई एवढ्या कडक, त्या उगाच लिहिणार नाहीत. त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असेल. म्हणून दहा वाजता येऊन बसलो. नुसतं बसून काय करायचं, म्हणून एक अर्ज वाचला. एका आजीबाईंच्या नळाला दोन वर्षं पाणी नव्हतं आणि बिल मात्र येत होतं. तो अर्ज माझ्याच खणात होता."

"मग?"

"मग लाज वाटली. आज एकोणिसावा दिवस आहे. आजींना पाणी आलं."

मी वहीत लिहिलं: संशयित फार चलाख. चांगुलपणाचं सोंग हुबेहूब. मग थोड्या वेळाने ते खोडलं, कारण त्याने मला चहा दिला आणि स्वतः घेतला नाही, गठ्ठा संपवायचा म्हणून.

परत येताना माझ्या डोक्यात सगळं जुळत आलं होतं. पाहुण्याचा मुलगा, टायपिस्टबाईंची एखादी भाची, ठरू घातलेलं लग्न, आणि होणाऱ्या सुनेच्या सासऱ्याला बढती. मी संचालकबाईंना हाक मारली आणि त्यांना घेऊन खिडकीजवळ आलो. आरोप सगळ्यांसमोर करण्याची माझी पद्धत आहे.

तिथे टायपिस्टबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या खुर्चीत माझे सासरे बसले होते. समोर कीबोर्ड पालथा पडला होता.

"बाबा, पुरावा उघडलात?" मी ओरडलो.

"नाही. आता सुलटा करतो." त्यांनी तो सुलटा केला आणि एकच बटण दाबायला सुरुवात केली. टिक्, टिक्, टिक्. "वीस झाले. पडद्यावर किती अ आले ते मोज."

मी मोजले. अकरा होते.

"आवाज वीस वेळा आला आणि अक्षर अकरा वेळा, तेही सावकाश दाबून. बाईंच्या वेगात तर ते येतच नसेल," सासरे म्हणाले. त्यांनी टायपिस्टबाईंकडून केसांची पिन घेतली, बटणाची टोपी उचकटली आणि आतल्या स्विचकडे बोट दाखवलं. "आवाज करणारा तुकडा वेगळा, अक्षर पाठवणारा पत्रा वेगळा. आवाजाचा तुकडा ठणठणीत आहे. पत्रा इतका पातळ आहे की वाकून बसलाय. अशी माणसंही असतात." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला ठाऊक नाही.

संचालकबाईंनी अहवाल हातात घेतला आणि एकेका शब्दापुढे अ लावत वाचू लागल्या. "अनियमित. असून. अकार्यक्षम. असमाधानकारक. असभ्य. अपात्र." त्या खुर्ची शोधू लागल्या. मी माझी दिली.

"म्हणजे सून..." मी म्हणालो.

"असून," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"पण मग आ कसा गेला नाही?" मी शेवटचा प्रयत्न केला. "आहे तर सगळीकडे नीट आहे."

"माझी टायपिंगची पद्धत जुन्या मशीनची. आ म्हणजे अ आणि पुढे काना, दोन बटणं," टायपिस्टबाई म्हणाल्या. "अ गेला की काना एकटाच लोंबकळतो. तो डोळ्यांत खुपतो, मी लगेच सुधारते. नुसता अ गेला तर मागे काही लोंबकळत नाही."

बाकी त्रेसष्ट जणांच्या अहवालांत गमावण्यासारखा अ नव्हता, कारण ती माणसं चांगली होती.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" संचालकबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

टायपिस्टबाईंनी खणातून एक कागद काढला. त्यावर टाइप केलं होतं: महोदया, गेले दोन महिने काम करत नाही. कृपया लक्ष द्यावे. खाली संचालकबाईंच्या अक्षरात लाल शेरा होता: काम का करत नाही? लेखी खुलासा करावा.

"'महिने'च्या पुढे 'अ' असं लिहिलं होतं मी," टायपिस्टबाई म्हणाल्या. "मग खुलासाही याच्यावरच टाइप करायचा होता. सोडून दिलं."

मग संचालकबाई उठल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, चूक माझी आहे. कीबोर्ड मी घेतला, कागद मी वाचला नाही, आणि संशय तुमच्यावर घेतला." टायपिस्टबाईंनी मान हलवली आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"आता मुख्यालयाला दुरुस्तीचं पत्र पाठवा," मी म्हणालो. "पाहुण्याची बढती थांबवायची असेल तर."

मग मी त्यांना गठ्ठ्यांचं आणि आजींच्या नळाचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. त्या मीटर विभागाच्या दारापर्यंत जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा टायपिस्टबाई नवा कागद घेऊन तयार होत्या.

"राहू द्या," संचालकबाई म्हणाल्या. "उंच गठ्ठा संपलाय. आता काय कळवू? पंचवीस वर्षं मी त्याच्याबद्दल खरं लिहिलं, तेव्हा तो सुधारला नाही." मग त्या सासऱ्यांकडे वळल्या. "उरलेले एकोणसाठ तुम्ही तपासून द्याल का?"

सासरे आता रोज साडेनऊला घरातून निघतात. त्यांना तिथे खिडकीजवळ एक टेबल दिलं आहे, आणि साठ कीबोर्डचे स्विच बदलून झाल्यावर त्यांनी कार्यालयाचं टपालावर शिक्के मारायचं यंत्र उघडलं आहे. सहायकाविना माझा धंदा थंड आहे, त्यामुळे दुपारी त्यांचा डबा मी पोचवतो. दारावरचा पहारेकरी मला अडवत नाही. तो आत आवाज देतो, "दुरुस्तीवाल्या बाबांचा डबा आला," आणि कोणी आणला ते सांगत नाही.