भांड्यांना गुंडाळलेला ग्रोथर

कोराला पुरून आल्यावर त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीने, यूनिसने, लोकांची भांडी परत केली आणि तिथून सगळं बिघडलं.

भांडी परत करणं भाग होतं. टेक्ससच्या त्या धुळकट गावात कुणी गेलं की घरोघरचं रांधलेलं त्या घरी येतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी असते आणि पट्टीवर नाव. घरच्यांनी भूक नसली तरी ते खायचं, मग भांडं धुऊन, कागदात गुंडाळून ज्याचं त्याला पोचवायचं. उशीर झाला तर लोक मेलेल्या माणसालाच नावं ठेवतात. कोराच्या नवऱ्याच्या, आल्विन प्रुइटच्या स्वयंपाकघरात भांडी तशीच पडून होती, कारण त्याच्याने त्यांच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून यूनिसने बाह्या वर सारल्या.

आल्विन दुकानातून घरी आला तेव्हा टेबल पुसून लख्ख केलेलं होतं.

"यूनिस, इथं मासिक होतं."

"कसलं मासिक? मुखपृष्ठ नसलेली रद्दी होती. भांड्यांना लावली."

आल्विन खुर्ची धरून उभा राहिला.

त्याचं औषधांचं दुकान होतं. दाराशी मासिकांची मांडणी होती. तलवारी, मांत्रिक, राक्षस असल्या गोष्टींच्या मासिकाची एकच प्रत तो मागवायचा आणि ती कोरा वाचायची. मासिक खपलं नाही की मुखपृष्ठ फाडून वितरकाकडे पाठवायचं, पैसे माफ व्हायचे आणि उरलेलं अंग फेकून द्यायचं, अशी त्या धंद्याची रीत. आल्विन दर महिन्याला ती प्रत खपली नाही असं कळवायचा आणि अंग घरी आणायचा. त्यामुळे कोराने जन्मात त्या मासिकाचं एकही मुखपृष्ठ पाहिलं नव्हतं. ग्रोथर दिसतो कसा, हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

ग्रोथर म्हणजे उत्तरेकडच्या बर्फातला एक रानटी योद्धा. त्याची गोष्ट तीन महिने चालायची होती. कोराच्या पोटातलं दुखणं वाढलं, पुस्तक धरवेना, तेव्हा आल्विन वाचून दाखवू लागला. दुसरा भाग संपला तेव्हा ग्रोथर मांत्रिक सेथमूरच्या मनोऱ्याखालच्या खड्ड्यात साखळदंडांनी बांधलेला होता आणि अंधारातून काहीतरी सरपटत येत होतं.

"तुला हे आवडतं तरी काय?" आल्विनने एकदा विचारलं होतं.

"ह्याच्यात मरण दारातून आत येतं," कोरा म्हणाली. "त्याला तोंड असतं. तोंड असलं की ठोसा मारता येतो." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "मी आधी गेले तर माझ्या मातीपाशी येऊन शेवट सांग. नाहीतर मी तुला सोडायची नाही."

तिसरा भाग आला त्या दिवशी सकाळी ती गेली. आल्विनने तो उघडलाही नव्हता. उघडला असता तर आपण एकट्यानेच वाचल्यासारखं झालं असतं.

"दुसरी प्रत मागव," यूनिस म्हणाली.

"कुठल्या तोंडाने? हे मासिक आमच्या गावात खपत नाही, असं मीच त्यांना वर्षानुवर्षं कळवतोय."

यूनिसला जरा वाईट वाटलं, पण ते तिने रागासारखं बाहेर काढलं. "त्यात कसल्या सापांच्या गोष्टी होत्या रे! माझ्या बहिणीने शेवटी हे ऐकलं?"

"तू वाचलंस वाटतं?"

"गुंडाळताना डोळे कुठं ठेवू?" यूनिस म्हणाली. गोष्ट मासिकाच्या शेवटी होती आणि पानं तिने शेवटाकडून फाडली होती, एवढं तिला आठवत होतं. सगळ्यात शेवटचं पान ब्रदर गँटच्या घरच्या ॲपल पायच्या ताटलीला गेलं, त्याच्या आधीची बुफर्ड साइक्सच्या पातेल्याला आणि त्याच्याही आधीची डेसी टॉलिव्हरच्या बीन्सच्या भांड्याला.

आल्विनने टोपी घातली.

डेसी टॉलिव्हर ही दारूबंदीवाली विधवा. दार उघडल्याबरोबर तिचा चेहरा पडला.

"मिसेस टॉलिव्हर, भांड्याभोवती काही पानं होती. तेवढी परत हवी होती."

"ती होय? टाकली असतील मी." ती दारातून हलेना. "आल्विन, एक सांग. ती सापाची पोरगी खरीच त्याच्या बाजूची, की नाटक करते?"

"मला माहीत नाही, बाई. म्हणून तर आलो."

"किल्ली तिच्या दातांत आहे. ती वाकते. तो तोंड पुढे करतो. आणि पान संपतं!" बाईंनी चौकटीवर हात आपटला. "मला झोप नाही. माझा नवरा गेला तेव्हा झोपले होते मी, पण आता नाही."

"मग द्या ती पानं."

"आणि मी काय करू? तू शेवट वाचणार आणि मी इथं किल्लीपाशी बसून राहू? तुझ्याकडे पुढचं आलं की मला बोलाव. येताना मी माझी पानं घेऊन येईन. तोवर ती माझ्या बायबलात आहेत, तिथं त्यांना कोणी हात लावत नाही."

बुफर्ड साइक्स खाटीक होता. त्याने पानं खिळ्याला अडकवून मांस तोडायच्या ओंडक्यासमोर टांगली होती आणि बहुधा बरीच पाठ केली होती.

"ये, आल्विन! बघ, हा खड्डा." त्याने ओंडका दाखवला. "हा इथून उठतो. साखळी तुटलेली नाही, हां! साखळीसकट उठतो. आणि जे सरपटत येतं ना, त्याच्या गळ्याभोवती तीच साखळी!" सुरा ओंडक्यात बसला. गिऱ्हाईक म्हणून आलेली बाई मागे सरकली.

"म्हणजे किल्ली मिळालीच नाही?"

"कसली किल्ली? माझ्याकडे ती पोरगी सुरुवातीलाच काहीतरी गिळते, पण किल्लीचं नाव नाही. कुणाकडे आहे?"

आल्विनने सांगितलं. बुफर्डने सुरा खाली ठेवला. "मिसेस टॉलिव्हरकडे? आणि ती बया काल मला चरबी जास्त म्हणून अर्धा तास बोलत होती, पण किल्लीचं एक अक्षर नाही!"

"पानांवर रक्त लागलंय, बुफर्ड."

"बैलाचं आहे. पण शोभतं की नाही?" मग तो जरा हळू बोलला. "माझ्याकडे तो मनोऱ्याच्या वरच्या दालनापर्यंत पोचतो. सेथमूर समोर उभा. मागे दार बंद होतं. बस. आल्विन, तो मरतो का रे?"

"ते पान ब्रदर गँटकडे आहे."

"अरे देवा," बुफर्ड म्हणाला. "मग गेलंच ते."

ब्रदर गँट, बॅप्टिस्ट चर्चचे पाळक, व्हरांड्यात बसले होते. मागे जाळीच्या दारात मिसेस गँट उभी होती. ती बहुतेक वेळा तिथंच उभी असे.

"ते पान मी जाळलं, आल्विन," ब्रदर गँट म्हणाले. "मूर्तिपूजा होती. उघड्या बायका होत्या."

आल्विन टोपी हातात घेऊन पायरीशी उभा राहिला. त्याचा चेहरा बघून पाळकांनी दुसरीकडे नजर वळवली. कोराला पुरताना त्यांनीच प्रार्थना म्हटली होती, आणि तेव्हाही हा माणूस असाच उभा होता.

"मी तिला शब्द दिला होता," शेवटी आल्विन म्हणाला. "शेवट सांगायचा. वाचून जाळलंत की न वाचता?"

जाळीचं दार जरा किरकिरलं. ब्रदर गँटने घसा साफ केला.

"वाचून," ते म्हणाले.

"लामार!" आतून बायकोने त्यांना नावाने दटावलं.

"वाचल्याशिवाय पाप आहे हे कसं कळणार?" ब्रदर गँट मागे न बघता म्हणाले.

असं करता करता रविवारी प्रार्थनेनंतर सगळे दफनभूमीत जमले. कुणी कुणाच्या हाती पानं सोपवायला तयार नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपापलं वाचायचं ठरलं. वाऱ्याला धूळ होती. कोराच्या मातीवर अजून दगड बसला नव्हता, नुसती लाकडी पट्टी होती. यूनिस हाताची घडी घालून लांब उभी राहिली. आपण इथं फक्त बहिणीसाठी आलोय, असं तिने दोनदा सांगितलं.

मिसेस टॉलिव्हरने बायबल उघडलं आणि त्यातून सापाची पोरगी वाचली. उघड्या खांद्यांपाशी तिचा आवाज बारीक झाला, पण तिने एक शब्द गाळला नाही. किल्लीपाशी ती थांबली आणि बुफर्डकडे बघितलं. बुफर्डने पुढचं वाचलं नाहीच, करून दाखवलं. पोरीने किल्ली गिळली होती. मिसेस टॉलिव्हर "मेली कुठली!" म्हणून ओरडली आणि मग कुठं उभी आहे ते आठवून तिने तोंडावर रुमाल धरला. यूनिसची हाताची घडी कधी सुटली, तिलाही कळलं नाही.

मग दालनाचं दार बंद झालं आणि सगळे ब्रदर गँटकडे वळले.

ब्रदर गँटने टोपी काढली. सुरुवातीला ते चाचपडत बोलले. सेथमूर हसला, म्हणाले. मंत्र म्हणू लागला, म्हणाले. ग्रोथरच्या डोळ्यांपुढे अंधार आला, त्याला काही दिसेना. इथं मग त्यांना वाट सापडली.

"त्याने हात लांब केले," ते म्हणाले. "एका हाताला एक खांब लागला. दुसऱ्या हाताला दुसरा खांब. सगळा मनोरा त्या दोन खांबांवर होता."

मिसेस टॉलिव्हरने आल्विनकडे पाहिलं. बुफर्डने टोपी पुढे ओढली. रविवारच्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाला बायबलातला खांब पाडणारा आंधळा शमशोन ठाऊक होता. 

"त्याने सगळं बळ लावलं. खांब हलले. छत खाली आलं. मांत्रिक, त्याचे साप, त्याची सोन्याची आसनं, सगळं." पाळकांचा हात हवेत राहिला.

"आणि तो?" बुफर्डने विचारलं. "तो पण त्यात?"

धुळीचा एक लोट आला आणि गेला. ब्रदर गँटने खाली मातीकडे बघितलं, मग आल्विनकडे.

"नाही," ते म्हणाले. "तो नाही. धूळ बसली तेव्हा ढिगाऱ्यातून एक हात वर आला. मग दुसरा. तो चालत बाहेर गेला."

पवित्र शास्त्रात शमशोन आपल्या शत्रूंबरोबर, पलिष्ट्यांबरोबर, मेला. त्या दिवशी एका बॅप्टिस्ट पाळकाने त्याला बाहेर काढलं आणि एकानेही हरकत घेतली नाही. यूनिस नाक शिंकरत होती.

माणसं पांगली. ब्रदर गँट मागे राहिले.

"आल्विन, मी ते न वाचता जाळलं होतं. बायको डोक्यावर उभी होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"खांबांपासून."

"मग थांबवलं का नाहीस?"

"कोराला शमशोन मेलेला कधी पटला नाही," आल्विन म्हणाला. "दर वेळी चिडायची. एवढं केलं, आणि वाचवायला कोणी नाही, म्हणायची."

ब्रदर गँट टोपी फिरवत राहिले. "इतकी वर्षं मी अशाच मातीपाशी उभा राहून कधी न पाहिलेल्या जागेबद्दल सांगतोय. लोक मान हलवतात आणि जेवायला जातात. 'मग पुढे?' असं आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

फाटकापर्यंत गेलेला बुफर्ड धापा टाकत परत आला.

"ब्रदर गँट, एक राहिलं. बाहेर पडल्यावर तो कसा गेला? चालत? एवढ्या बर्फात?"

ब्रदर गँटने टोपी डोक्यावर घातली. एका दिवशी एवढं पुरे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"घोडा होता," आल्विन म्हणाला.

पाळकांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"पायथ्याशी," आल्विन म्हणाला. त्याने ग्रोथरबद्दल आजवर एक शब्द पदरचा घातला नव्हता, म्हणून तो सावकाश बोलत होता. "खोगीर घातलेला. लगाम धरून कुणीतरी उभं होतं."

"कोण?"

आल्विनने लाकडी पट्टीकडे पाहिलं.

"होती एक," तो म्हणाला. "बराच वेळ थांबली होती."