हालू नका, बसलं!

दौलतकाकांच्या अंगणात शिंकायला बंदी होती. शिंक आलीच तर फाटकाबाहेर धावायचं, रस्त्यावर उरकायची आणि चपला न वाजवता परत यायचं. कारण आत फुलपाखरं असत.

यवतमाळात आमचं घर त्यांच्या शेजारीच. काका कापसाच्या जिनात मुकादम. तिथे यंत्रांच्या वर त्यांचा आवाज जाई, पण घरी आले की नुसते कुजबुजत. त्यांच्या लिंबोणीला एक धड पान नव्हतं. सगळी अळ्यांच्या पोटात.

"काका, औषध मारा की," मी एकदा म्हटलं.

"काहून? तुमचे पोट्टे जेवाले बसले का मी येऊन औषध मारतो काय?"

सुमन त्यांची एकुलती एक लेक. आई तिच्या लहानपणीच गेलेली. सुमनला बघायला मुकुटबनहून पाहुणे आले, ते अंगणातच बसले. घाम पुसायला मुलाच्या वडिलांनी टोपी काढली, आणि एक पिवळं फुलपाखरू नेमकं त्यांच्या टकलावर उतरलं.

"हालू नका!" काका दबक्या आवाजात ओरडले. "बसलं!"

पाहुणे थिजले. मुलाच्या आईचा पोह्यांचा घास तोंडाशीच राहिला. चहा निवला. फुलपाखरू निवांत पंख उघडी, मिटी. उठायचं नाव नाही. सुमन दाराशी पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तिला बघून मुलगाही. मला वाटलं, गेलं हे स्थळ!

शेवटी मुलाचे वडील ओठ न हलवता म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाले. आता तरी मले हालू द्या, इवाई!"

"थोडं थांबा," काका म्हणाले.

लग्न झालं. सुमनला निरोप देताना सगळ्या बायका रडल्या. काकांचे डोळे कोरडे. ते आत गेले आणि डब्यात लावलेलं गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, रोप आणून त्यांनी व्याह्यांच्या हातात दिलं.

"लहान हाय," ते म्हणाले. "नव्या जागी सुरवातीले मान टाकते. रागावू नका. जवळ बसत जा थोडं. मंग लागते जीव."

व्याह्यांनी एकदा सुमनकडे पाहिलं. रोप मुलाकडे देऊन त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले.

"मी सोता बसत जाईन, इवाई."

तेव्हा मात्र भर रस्त्यात, सगळ्या वऱ्हाडासमोर दौलतकाका हमसून हमसून रडले.