खिंडीतलं घडीचं घर

एका जंगलात एक होता सुळाजी आणि एक होती कंदाबाई. सुळाजी म्हणजे रानडुक्कर आणि कंदाबाई त्याची बायको. दोघांचं एक डबकं होतं, सुळाजीच्या पणज्यापासूनचं. गुडघाभर गार चिखल, वर करंजाची सावली. घर म्हणा, न्हाणी म्हणा, सगळं तेच.

आता पोरांनो, रानडुक्कर कसा चालतो ठाऊक आहे का? नाक खाली, शेपूट वर आणि सरळ. मध्ये झाड आलं तरी सरळ. सुळाजीच्या घराण्यात तर मागं सरणं म्हणजे पाप. त्याचा आजा एकदा बोरीच्या जाळीत शिरला, तो पलीकडूनच बाहेर आला. निम्मं कातडं जाळीत राहिलं, पण अब्रू सगळीच्या सगळी बाहेर आली.

त्या वर्षी जंगलात एक नवीच टूम निघाली. जो तो जंगलात राहायला जाऊ लागला.

तुम्ही म्हणाल, ते जंगलातच तर राहत होते! होते की. पण ते नुसतं राहणं. हे हौसेचं राहणं. आपलं बीळ सोडायचं, खिंडीपलीकडच्या माळावर जायचं, तिथल्या झाडांकडं बघत बसायचं आणि परत आल्यावर म्हणायचं, "काय हवा हो तिथं!" हवा तीच. पण तिथली.

त्यासाठी लागायचं घडीचं घर. घडीचं घर म्हणजे दोन चाकांवर एक चपटी पेटी. पुढं दांडी, दांडीला आकडा. आकडा गळ्यातल्या पट्ट्यात अडकवायचा आणि ओढत न्यायचं. मुक्कामाला पोचलं की उघडायचं. छप्पर वर जातं, चारी बाजूंनी कापड ताणलं जातं, दोन अंगांनी दोन पलंग बाहेर येतात. निघताना पुन्हा घडी.

ही घरं विकायचा एक खोकड. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ समजा. अंगानं बारीक, जिभेनं लांब. सगळे त्याला शेठ म्हणायचे.

एकदा पाणवठ्यावर सांबर सुळाजीला म्हणालं, "काय सुळाजीराव, अजून चिखलातच का?"

झालं. तो चिखल सुळाजीला त्या दिवसापासून टोचायला लागला.

घरी येऊन तो म्हणाला, "कंदे, आपण घडीचं घर घ्यायचं."

कंदाबाईचे दिवस भरत आले होते. ती कुशीवर पडून होती. ती म्हणाली, "कशाला? मी भारा-दोन भारे गवत ओढते, वर फांद्या टाकते. आमच्या आईनं आम्हाला गवतातच घातलं."

"गवतात! अगं, सांबराची सून कापडात बाळंत झाली!"

"मग तिचं पाडस आता कापड खातंय का?"

पण नवऱ्याच्या कानात एकदा पाणवठा शिरला की बायकोचं काही शिरत नाही. सुळाजी खोकडाकडं गेला. खोकड म्हणाला, "तुमचं डबकं आणि त्याच्या कडेचं गवत मला द्या, घर तुमचं." सुळाजीनं मान हलवली. मान हलवायला त्याला मान वळवावी लागत नव्हती, म्हणून ते काम लवकर झालं.

खोकडानं घर आणून उभं केलं. इकडं कळ दाबली, तिकडं दांडा फिरवला, आणि फटदिशी घर उभं! "बघा," तो म्हणाला, "शेंबडं पोरसुद्धा उघडेल. आता ओढायचं शिकवतो. पुढं कुणीही नेतो. खरी विद्या मागं नेण्यात आहे. तुम्ही डावीकडं ढुंगण केलं की घर उजवीकडं जातं. तेव्हा..."

"थांबा!" सुळाजी म्हणाला. "मागं न्यायचं आम्हाला शिकवू नका. आमच्या घराण्यात ती रीत नाही."

खोकड हसला. "मग तर सोपंच झालं. निम्मी शिकवणी वाचली."

तो गेला. कंदाबाई घराभोवती एक फेरी मारून आली.

"डबकं दिलंत?"

"दिलं."

"गवत दिलंत?"

"ते त्याच्या कडेचंच होतं."

"बरं. आता माझं ऐका. मला माळ नको, हवा नको. मला पिलांच्या डोक्यावर छप्पर हवं. पिलं यायच्या आत तुम्हाला हे उघडता आलं पाहिजे. नाही आलं, तर बाळंतीण आणि बाळं उघड्यावर. वरून घार बघतेच आहे."

सुळाजी म्हणाला, "शेंबडं पोरसुद्धा उघडतं."

शेंबडं पोर तिथं नव्हतं, म्हणून सुळाजीनं उघडलं. छप्पर वर गेलं. पलंग बाहेर आला. सुळाजी ऐटीत पलंगावर जाऊन पडला. चार कोपऱ्यांना खाली चार टेकू लावायचे असतात, ते लावले नव्हते. घर पलंगाकडून खाली बसलं, दांडीकडून आभाळात गेलं आणि सुळाजी गडगडत करंजाच्या बुंध्यात.

"आधी टेकू," कंदाबाई म्हणाली. "मग लोळणं."

दुसऱ्या खेपेला टेकू लावले. पण चाकाला दगड लावायचा राहिला. टेकू लावता लावता घरच उताराला लागलं. पुढं घर, मागं सुळाजी. चिखलात रुतलं म्हणून सापडलं.

तिसऱ्या खेपेला दोघं कापड ताणायला समोरासमोर उभी राहिली.

"डावीकडं ओढ!"

"तुमचं डावं की माझं?"

"डावं ते डावं! त्यात तुझं-माझं काय?"

दोघांनी आपापलं डावं ओढलं. कापडाचं मुटकुळं झालं. त्यात सुळाजीचा सुळा घुसला आणि टर्रकन भोक पडलं. कंदाबाईनं सागाचं पान डिंकानं चिकटवून भोक बुजवलं आणि ती काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही, तेव्हा नवऱ्यानं जवळ उभं राहू नये. सुळाजी उभा राहिला.

मग आली घडी घालायची वेळ. पोरांनो, उघडलेलं पुन्हा मिटणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट. पेटी तीच, कापड तेच. पण आता मावेना. हा कोपरा आत कोंबला की तो बाहेर. सुळाजी पेटीवर बसला, तिच्यावर उड्या मारल्या, शिव्या दिल्या.

"कापड वाढलंय," तो म्हणाला.

"हो, मूल आहे ना ते! साधी चादर तुम्हाला घडी करता येत नाही, आणि निघालेत घराची घडी घालायला."

शेवटी एक कोपरा बाहेर लोंबता ठेवून पेटी मिटली.

तेवढ्यात खोकड आला. "सुळाजीराव, डबकं कधी मोकळं करताय? मला तिथं चिखलाचं न्हाणीघर काढायचंय. हौशी लोक येतात."

झालं, निघायला हवं होतं. खिंडीपलीकडं माळ आहे, तिथं सगळे जातात, आपणही जाऊ, असं ठरलं. सुळाजीनं पट्टा गळ्यात घातला, आकडा अडकवला, साखळी लावली आणि नाक खाली घालून चालू लागला. सपाटीवर मोठं छान वाटलं. वाटेत ससा भेटला, त्याला सुळाजीनं उगीचच विचारलं, "तुमचं अजून बीळच का?"

मग आली खिंड. दोन्ही अंगांना उभा खडक, मधून एक गाडावाट. ती मध्यावर जरा वळते. जो वळतो त्याला ती सोपी आहे. सुळाजी सरळ गेला. घराचं एक चाक खडकाला भिडलं आणि थांबलं.

"थोडं मागं घ्या," मागून कंदाबाई म्हणाली. "मग वळवून काढा."

"मागं?"

"हातभर फक्त."

"हातभर काय, बोटभर नाही! आमच्या आज्यानं..."

"तुमच्या आज्याच्या गळ्यात घर नव्हतं!"

सुळाजीनं पुढं जोर लावला. घर हलेना. पुन्हा लावला. शेवटी इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही असं पाहिलं, डोळे मिटले आणि हातभर मागं सरला. जन्मात पहिल्यांदा. त्यानं डावीकडं ढुंगण केलं, घर उजवीकडं गेलं. त्यानं उजवीकडं केलं, घर डावीकडं गेलं. तो घाबरून गरकन फिरला, आणि घर खिंडीत आडवं झालं. या खडकापासून त्या खडकापर्यंत. पाचर ठोकल्यासारखं. ना पुढं, ना मागं.

"झालं?" कंदाबाईनं विचारलं.

"झालं," सुळाजी म्हणाला.

मग कंदाबाई खाली बसली. तिचा आवाज बदलला. "अहो, उघडा आता."

"इथं? रस्त्यात?"

"पिलं काय रस्ता विचारून येतात? उघडा!"

वर आभाळात घार गोल फिरत होती. खिंडीत गवताची काडी नव्हती, आडोसा नव्हता. सुळाजीच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या घटकेला तो घराणं विसरला, आजा विसरला, सांबर विसरला.

"सांग, काय करू?"

"चाकाला दगड."

त्यानं गळ्यातला आकडा सोडला आणि दगड लावला.

"टेकू."

त्यानं चारी लावले.

"आता छप्पर. हळू. आता कापड, माझ्याकडचं डावं. मी पडल्ये ना, माझ्याकडचं!"

आणि पोरांनो, घर उभं राहिलं! सागाच्या पानाच्या ठिगळासकट. दोन्ही अंगांचा खडक घराला असा धरून बसला की वादळ आलं तरी हलू नये. कंदाबाई आत गेली. सुळाजी दाराशी उभा राहिला, सुळे बाहेर काढून. घारीनं दोन घिरट्या घातल्या, त्याच्याकडं बघितलं आणि उंदीर शोधायला निघून गेली. ऊन कलायच्या आत आतून कुईकुई ऐकू आली. अंगावर पट्टे असलेली, टवटवीत, घरभर पिलं.

इकडं खिंडीच्या तोंडाशी काय झालं? सांबर आलं, मागं घडीचं घर. साळिंदर आलं, त्याच्या घराला आतूनच भोकं पडलेली. अस्वल आलं. खोकडही आला, गिऱ्हाइकांचं कौतुक बघायला. सगळ्यात शेवटी वाघमहाराज आले. त्यांचं घर सगळ्यात मोठं, आणि ते ओढत होते महाराज स्वतः, कारण त्यात रुबाब असतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

सगळे एकामागं एक अडकले. आरडाओरडा सुरू झाला.

"अरे, पुढचा कोण तो? सरक!"

"सरकायचं कुठं? घरात बाळंतीण आहे!" सुळाजी ओरडला. "तुम्हीच मागं घ्या!"

सांबर म्हणालं, "मी मागं घेईन हो, पण माझी शिंगं मागच्याच्या कापडात जातील." अस्वल म्हणालं, "मला तो धडा आठवत नाही, मी तेव्हा पेंगलो होतो." साळिंदर म्हणालं, "मी मागं आलो तर मागच्यानं जगायचं का नाही?" आणि राजाला मागं घ्या म्हणायचं कुणी?

सगळ्यांनी खोकडाला धरलं. "शेठ, तुम्ही घ्या मागं. तुम्हाला येतं ना?"

खोकडानं कान खाजवला. "मला? मी आजवर एकसुद्धा ओढलेलं नाही हो. नुसती विकलीत."

वाघमहाराजांनी एकदा पुढं बघितलं. एकदा मागं बघितलं. सगळी प्रजा त्यांच्याकडं बघत होती. त्यांना मागं घेता येत नव्हतं, आणि ते सांगताही येत नव्हतं. त्यांचा प्रधान होता एक माकड. त्यानं महाराजांचं तोंड पाहिलं आणि टुणकन खडकावर चढला.

"ऐका हो ऐका!" तो ओरडला. "महाराज अडलेले नाहीत. महाराज पोचलेले आहेत! आजपासून राजधानी इथंच!"

महाराज गुरगुरले. म्हणजे बरोबर आहे म्हणाले.

"आणि ही जागा महाराजांच्याही आधी ज्यानं ओळखली, तो दूरदृष्टीचा पुरुष कोण?"

सगळ्यांची बोटं सुळाजीकडं गेली. मघाशी ह्याच बोटांनी ते त्याला शिव्या देत होते.

मग काय विचारता! खिंडीत नगर वसलं. जुनी गाडावाट बंद झाली. खडक फोडून नवा रुंद रस्ता काढला, तो सुळाजीच्या घराला वळसा घालून. खोकडाचं न्हाणीघर ओस पडलं, कारण हौशी लोक आता राजधानी सोडून कुठंच जाईनात. कुणालाच काही ओढायचं उरलं नव्हतं, म्हणून महाराजांनी ओढकामाची शाळा काढली आणि सुळाजीला तिचा मुख्य गुरुजी केलं. तो पोरांना पुढं न्यायचं शिकवतो. मागं न्यायच्या दिवशी शाळेला सुट्टी असते.

कंदाबाई दाराशी कंद सोलत बसते. कुणी विचारलं, "काय वहिनी, यजमानांना एवढा मान कसा मिळाला?" की ती म्हणते, "माझे दिवस भरले होते, दुसरं काय!" आणि आतून सगळी पिलं एकदम तिच्यावर येऊन पडतात. गुबगुबीत, कोरडी, घारीचं नावही ठाऊक नसलेली. रात्री घर हलत नाही, गळत नाही, आणि आता कुणी ते मिटायलाही सांगत नाही.

तात्पर्य: अर्धवट शिकून घराबाहेर पडू नये, असं पूर्ण शिकलेले सांगतात. ते अजून घरातच आहेत. तुम्हाला मागं घेता येत नसेल तर खुशाल निघा. फक्त अडताना रस्त्याच्या कडेला अडू नका, तिथं लोक शिव्या देऊन पुढं जातात. अडावं ते खिंडीत, आडवं, आणि मागून राजा येत असताना.