आंबट चेअरमन

आमचे भावजी कोरम भरल्याशिवाय चहा पीत नाहीत.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, भगवानराव. रोज संध्याकाळी ते सोप्यात येऊन बसतात. मी कपबशी पुढं ठेवते, आणि हे गृहस्थ कपाकडं न बघता आधी माणसं मोजतात. एक मी, एक ते. "एक कमी हाय वैनी. कोरम न्हाई. सभा अर्धा तास तहकूब." मग अर्धा तास चहावर साय धरते, माशा येऊन पाहणी करून जातात, आणि भावजी आतल्या दाराकडं बघत बसतात. वेळ झाली की गारढोण चहा एका दमात पितात आणि म्हणतात, "मंजूर."

सहकारी संस्थेची सभा ज्यांनी कधी अनुभवली नाही त्यांच्यासाठी सांगते. ठरावीक माणसं जमली नाहीत की कोरम नाही म्हणतात. मग सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, असतील तेवढ्या माणसांत उरकायची. तिला कोरमची अट नाही. अख्खा महाराष्ट्र हा नियम सभा लवकर उरकायला वापरतो. आमचे भावजी चहा गार करायला वापरतात.

ज्या संस्थेचे ते चेअरमन होते ती बुडाली, त्यानंतर माझ्या पोराला मिशा फुटल्या आणि त्या पिकल्यासुद्धा. पण भावजी खुर्चीवरून उतरले नाहीत. कुत्रं भुंकलं तर म्हणतात, "सूचना आली, अनुमोदन न्हाई." दुसरं भुंकलं की समाधानानं मान हलवतात. एकदा भावकीतल्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी भटजींना थांबवलं. "पोरीचं मत घेतलं का? रीतसर होऊ द्या." पोरीची आई रडायची थांबली आणि यांच्याकडं बघायला लागली.

त्या संस्थेची गोष्ट अशी. बहात्तरच्या दुष्काळात गावानं सरकारी कामावर खडी फोडली आणि तिथं वाटलेली सुकडी खाल्ली. पुढं दुष्काळ संपला, पण ते आमच्या विहिरींना कुणी सांगितलं नव्हतं. माजलगावला धरण होणार, तिकडं ऊस येणार, अशा बातम्या यायच्या. आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडं, माळावर. इथं न मागता उगवणारं पीक एकच, बोरं. भावजी तेव्हा पंचविशीतले. पारावर उभं राहून म्हणाले, "उसाला पानी लागतं. बोराला काय लागतं? कायबी न्हाई. मंग आपुन मागं कावून?"

यातून फळरस सहकारी संस्था निघाली. चेअरमन भावजी, सचिव शाळेतले साळवे गुरुजी, सभासद म्हणून आमचे हे, भावकी, शेजारपाजार, आणि बायकांतून दोघी. एक मी, दुसरी भावजींची बायको गोदा. बायका कशाला, म्हणून लोक हसले. भावजी म्हणाले, "बोरं कोन येचतं? रीतसर होऊ द्या."

मी त्या वेळी गावातली एकुलती एक मॅट्रिक सून. ही गोष्ट मी विहिरीवर, गिरणीत, आणि एकदा तर मयतीतसुद्धा लोकांच्या लक्षात आणून दिली होती. सभा आमच्याच सोप्यात, दिवेलागणीला व्हायची. मॅट्रिक सुनेनं वेळेवर सभेत बसायचं आणि दुसरीनं भाकरी उरकायच्या, अशी वाटणी मीच करून टाकली होती. गोदा परात घेऊन आत गेली. ती बोलायची कमीच.

भावजी बोट फिरवून माणसं मोजायचे आणि हमखास चुकायचे. कोरम पाचाचा, बसलेलो आठजण, आणि यांचं आपलं, "एक कमी हाय. तहकूब." मी उठून सगळ्यांना मोजून दाखवायची.

"वैनी, मोजनी चेअरमननं करायची असती."

मग पुरुषमंडळी तंबाखू मळत बसायची. मी मान उडवायची. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो थांबायचा, गोदा हात पुसत उंबऱ्याशी येऊन टेकायची, आणि तेवढ्यात गुरुजी घड्याळ बघून म्हणायचे, झाला अर्धा तास. चेअरमनला पाचापर्यंत मोजता येत नाही, हे मी गावभर करून ठेवलं होतं. मॅट्रिकचं गणित वाया कशाला घालवायचं?

बोरं शिजवली, गाळली, गूळ घातला. धुतलेल्या बाटल्यांत रस भरून बुचं सुतळीनं आवळली आणि बाटल्या पत्र्याच्या खोलीत रचून ठेवल्या. बाटलीवर चिकटवायचा मजकूर अर्थात माझा. 'शुद्ध, शीतल, शांत.' उन्हाळा लागल्यावर उद्घाटन धरलं, जिल्ह्याहून साहेब बोलावले. मी लग्नातला शालू नेसून, पाठ केलेलं भाषण घेऊन उभी. "मान्यवर पाहुणे, हा शांत रस..." एवढं म्हटलं आणि मागं पहिलं बूच उडालं. ते साहेबांच्या टोपीला लागलं. मग दुसरं, मग सगळीच. बाटल्या फुटत होत्या, फेस उंबऱ्याबाहेर यायला लागला, कुणीतरी "गोळीबार, गोळीबार" ओरडलं. पळणाऱ्यांत सगळ्यांत पुढं कोण होतं ते विचारू नका. शालू गुडघ्यापर्यंत धरला होता एवढं सांगते.

सगळं थांबल्यावर भीत भीत मागं आलो, तर गोदा त्या खोलीत एकटी उभी. पायांत फेस, आणि ती तळहात चाटत होती. मग तिनं एक शाबूत बाटली शोधली, तांब्यात ओतली, उभ्या उभ्या प्यायली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आंबट हाय. पर आनखी द्या."

"गोदा, नासलंय ते! टाक!" हा माझा मॅट्रिकचा आवाज.

त्याच आठवड्यात सभा झाली. ठराव, 'रस नासला, संस्था बंद करावी.' सगळ्यांचे हात वर, माझा सर्वांत वर. गोदाचा हात तेवढा मांडीवर राहिला. भावजींनी तिच्याकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बहुमतानं मंजूर." त्या दिवसापासून पोरं त्यांना आंबट चेअरमन म्हणायला लागली. त्या पोरांची पोरंही तेच म्हणतात. माजलगावकडं उसाचे ट्रक धावायला लागले, आमच्याकडं बोरं गळून वाळत राहिली. गोदाही गेली, त्याला पुष्कळ वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात माझी नात मुक्ता पुण्याहून आली. फ्रिजमध्ये जांभळाचं चित्र असलेला एक डबा ठेवून दुपारची झोपली. भावजींना तो सापडला. त्यांनी मला हाक मारली, माणसं मोजली, अर्धा तास तहकूब झाले, आणि गार म्हणून काढलेलं कोमट करून प्यायले. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं झालं. दुसऱ्याला उलगडलं.

"वैनी, हे आपलं हाय."

"काय आपलं?"

"आपला रस हाय ह्यो. त्या बाटल्यांतला."

मुक्ता डोळे चोळत आली. "आबा! अहो बियर आहे ती!"

"बियर कडू असती म्हनत्यात. ही तर आंबट लागती. नासली का काय?"

"नासलेली नाही, आबा. मुद्दाम आंबवतात. फळं घालून."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. पुण्यात लोक रांगा लावून पितात."

भावजी उठून उभे राहिले. धोतराचा सोगा सावरला. "वैनी, म्हंजी आपुन नासवलं न्हवतं. आपुन लवकर केलं!"

मग काय विचारता. सभासदांपैकी उरलो आम्ही तिघं, मी, भावजी आणि साळवे गुरुजी. संक्रांतीला मुक्ता येईल तेव्हा विशेष सभा, कोरम तिघांचा, विषय एकच. 'रस नासला' हा ठराव रद्द करणे. मी हसले, पण सभेच्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. तेव्हा मात्र हसू आवरलं.

मुक्तानं बर्फाच्या बादलीत डबे आणले. आधी नमुने तपासायचे ठरलं, आणि तपासायला कोरम लागत नाही असा निर्णय चेअरमननी दिला. अडचण आली गुरुजींची. ते बौद्ध, पंचशील काटेकोर पाळणारे, मादक काही घेणार नाहीत.

"वास घ्यायला शीलाची आडकाठी हाय का, गुरुजी?"

गुरुजींनी विचार केला. "वासाबद्दल काही सांगितलेलं नाही."

"मंग तुमी वासाचे सभासद."

लालचुटुक रंगाची पहिली निघाली. भावजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ठणकावून सांगितलं, "कवठ."

"आबा, रासबेरी आहे. परदेशातलं फळ."

"तिकडं रासबेरी म्हनत असतील. आमी कवठ म्हनतो."

दुसरी पेरू आणि मिरचीची. तिच्यात त्यांना फणस सापडला. गुरुजी म्हणाले, मला तर पेरूचा वास येतो. भावजी म्हणाले, "फणसाच्या शेजारी ठिवला आसंल." मी घेतली का? घेतली की. सभासद आहे मी. पहिल्या घोटाला उजवा डोळा मिटला, तो उघडायच्या आत दुसरा घोट घेतला, आणि तिसऱ्याला मुक्तानं पेला काढून घेतला.

"आजी, हळू!"

"तू गप. तुझ्या वयाची असताना मी मूर्ख होते, आता पिऊ दे."

शेवटचा डबा मुक्तानं कुणा ओळखीच्या बियर करणाऱ्या पोराकडून मुद्दाम करवून आणला होता. बोरांचा. उघडल्यावर जो वास सुटला, त्यानं गुरुजीसुद्धा मागं टेकले. तीच पत्र्याची खोली, तोच फेस.

"आता सभा," भावजी म्हणाले. पेले भरले. बोट फिरवायला लागले. "एक. दोन." स्वतःच्या छातीला लावलं. "तीन."

थांबले. परत मोजलं. मग म्हणाले, "एक कमी हाय. तहकूब."

"आबा, तिघांचा कोरम ना? आहात की तुम्ही तिघं!"

मलाही तेच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांची सवय, बोट उचललंसुद्धा होतं. पण भावजी आतल्या दाराकडं बघत होते. बघत कसले, ऐकत होते. आत गॅसच्या शेगडीपाशी कुणी नव्हतं, काही वाजत नव्हतं. आणि माझ्या मॅट्रिक डोक्यात तेव्हा, इतक्या उशिरा, उजेड पडला. आठजण बसलेले असताना हा माणूस एक कमी का मोजायचा. भाकरीचा आवाज थांबून गोदा हात पुसत बाहेर येईपर्यंत याची मोजणी पुरी कशी व्हायची नाही. याला मोजता येत होतं. आमच्यातलं मोजता न येणारं माणूस दुसरंच होतं.

मी बोट खाली घेतलं.

"व्हय भावजी," मी म्हणाले. "एक कमीच हाय."

त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. मग नजर काढून घेतली. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मुक्ता काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. चौघं तसेच दाराकडं तोंड करून बसलो. पेल्यांवरचा फेस बसला, बाहेरून घाम सुटला, बर्फाचं पाणी झालं.

"झाला," गुरुजी हळूच म्हणाले.

भावजींनी पेला उचलून माझ्या हातात दिला. स्वतः घेतला नाही. "बोला वैनी. नासलंय?"

मी प्यायले. कोमट झाली होती, गालफडं आत ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं. आंबटपणानंच आलं असावं.

"आंबट हाय," मी म्हणाले. "पर आनखी द्या."

भावजींचं तोंड हललं, पण "मंजूर" काही त्यांना म्हणता आलं नाही. त्यांनी डबा उचलला आणि माझा पेला भरता भरता ओतू जाईपर्यंत भरला.