न खाकरणारो कॅमेरो

आमच्या यशवंतबाबांच्या आवारात शिरायचं असेल तर आधी खाकरावं लागतं. फाटकाला कडी आहे, दाराला घंटी आहे, कुत्रं तर असं आहे की माडाचं चुडत पडलं तरी भुंकतं. पण ते सगळं झूट! माणसानं फाटकाबाहेर उभं राहून घसा साफ करायचा, आतून "येवा!" ऐकायचं आणि मगच पाऊल टाकायचं. विसरलात तर ओरडा ठरलेला. "खाकर मरे आधी! घर आसा ह्या, तिठो न्हय!"

ह्या कायद्यातून कोणाची सुटका नाही. पोस्टमन बिचारा सायकलची घंटी बडवतो, पण ती चालत नाही. "घंटी सायकलीची. तुझो गळो खय आसा?" सूट फक्त पोदेराला, म्हणजे सकाळी पाव घेऊन येणाऱ्याला. त्याचा भोंगा म्हणजे पावांचं खाकरणं, असा त्यांचा निवाडा. मोरजीत भाड्यानं राहणारी एक गोरी बाई एकदा वाट चुकून फाटकाशी आली, तर ह्या गृहस्थानं हातवारे करून तिलाही खाकरायला लावलं. तिच्या घशाला काय झालंय असं कुत्र्यालासुद्धा वाटलं असेल. खाकरली बिचारी, आणि मग तिला शहाळंही मिळालं. कोरोनाच्या दिवसांत तर कमालच. अख्खा गाव खोकल्याच्या नुसत्या आवाजानं दारं लावून घेत होता, आणि यशवंतबाब खूश. कोणीतरी खाकरला, म्हणजे सभ्य माणूस आला!

मजा म्हणजे ह्या माणसाची सगळी नोकरी गेली दुसऱ्यांची झडती घेण्यात. तुयेच्या एका कारखान्यात ते गेटवर वॉचमन होते. पाळी सुटली की कामगारांच्या पिशव्या आणि डबे उघडून बघायचे, हे काम. यशवंतबाबांनी उभ्या नोकरीत एक डबा उघडला नाही. "डब्यात काय रे?" "काय नाय, रिकामो." "बरा, जा." मॅनेजरनं एकदा पकडून झापलं, तर त्यालाच म्हणाले, "सायबानू, एखाद्याच्या डब्यात कायतरी असता, एखाद्याच्या डब्यात काय नसता. नसता ता कित्याक बघूचा?" चोरी कधी झाली नाही म्हणे. न बघणाऱ्याला ती दिसणार कशी, हे मी त्यांना विचारलेलं नाही. माझी काय छाती!

घरात दोघंच. मुलगी लग्न होऊन डिचोलीला. सुमनवयनी, म्हणजे त्यांची बायको, एके काळी मासळीवालीशी भाव करायला लागली की तिठ्यावरची माणसं भाव ऐकायला थांबायची. मग तिला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं जड झालं, आणि ती आम्हांला दिसेनाशीच झाली. खाकरण्याची खोड यशवंतबाबांना आधीपासून होती, पण तिचा कायदा झाला तो तेव्हापासून. काळजीनं म्हातारा जरा सटकला, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं.

आता गोष्ट कॅमेऱ्याची. मी तेव्हा गावचा पंच होतो, म्हणजे गावातल्या सगळ्या शिव्यांचा हक्काचा धनी. किनाऱ्याकडे गर्दी वाढली, बाहेरची माणसं वाढली, दोन-चार मोटारसायकली चोरीला गेल्या, आणि सरकारनं ठरवलं की सुरक्षेसाठी तिठ्यातिठ्यावर कॅमेरा बसवायचा. गावानं टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्यानं मी वाजवल्या. खांब उभा राहिला, आणि त्यावरचा कॅमेरा कुंपणाच्या वरून नेमका यशवंतबाबांच्या दारापुढच्या सोप्याकडे तोंड करून बसला.

ते तडक माझ्याकडे. फाटकाबाहेरून रीतसर खाकरून.

"पंचबाब, तुमचो कॅमेरो माझ्या सोप्यार बघता."

"सगळीकडेच बघतो तो, यशवंतबाब. सुरक्षेसाठी आहे."

"खाकरता?"

"कोण?"

"कॅमेरो. बघण्याआधी खाकरता?"

 मी म्हटलं, यंत्र आहे ते, त्याला घसा कुठला. "तर मगे तेका डोळो कित्याक दिलास?" असं म्हणून ते निघून गेले.

त्यांनी सोप्यापुढे चुडतांचा झाप, म्हणजे विणलेला आडोसा, बांधून पाहिला. पण घरात काळोख झाला, वारा बंद झाला आणि वयनीचा जीव घुसमटायला लागला. चार दिवसांत स्वतःच सोडून टाकला. झाप जमत नाही, म्हणजे कॅमेऱ्याचीच मान फिरली पाहिजे, हे एकच मग त्यांच्या डोक्यात बसलं.

उद्घाटनाला पोलीस चौकीचे साहेब आले. मंडप, फुलं, माझ्या हातात नारळ. साहेब भाषणात म्हणाले, "ज्यानं काही वाईट केलेलं नाही, त्यानं कॅमेऱ्याला भिण्याचं कारणच काय?"

मागून यशवंतबाबांचा आवाज आला, "सायबानू, तुमच्या न्हाणयेक दार आसा?"

"आहे ना."

"मगे दार लावन आत काय चोरी करतास?"

बायका पदराआड हसल्या. पुरुष उघड हसले. पंच म्हणून मी हसलो नाही, पण पोटात दुखायला लागलं. साहेबांनी भाषण आवरतं घेतलं.

मग गाऱ्हाणं. देवाला साकडं घातल्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. देवळाचे मानकरी एकेक मागणं मागणार आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा!" म्हणायचं. लहानपणापासून हे तोंडात असं बसलेलं असतं की झोपेतसुद्धा कोणी "म्हाराजा" म्हटलं तर आमचा माणूस "होय" म्हणेल.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तिठ्यार कॅमेरो बसयलो आसा, तेची नजर बरी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"चोराचिलटाक ह्या वाटेन येवक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मानकरी दम घ्यायला थांबले. तेवढ्यात गर्दीतून तोच सूर, तोच हेल, "आणि जो खाकरल्याशिवाय बघता, तेची मान माझ्या घरावरसून फिरव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा गाव गरजला. मी गरजलो. साहेब आमच्या पेडण्याचेच, सवयीनं तेही गरजले.

आणि मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, कारण मंडपातली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. यशवंतबाब हात जोडून उभे. "गावान देवासमोर होय म्हटला. आता फिरवा."

झाली पंचाईत! मानकऱ्यांचा चेहरा पडला. देवाला दिलेला शब्द, तोही सगळ्या गावानं. मोडला तर पहिलं खापर त्यांच्यावरच फुटणार. साहेब म्हणाले, खांब कुठे नि तोंड कुठे, ते पणजीहून ठरतं, माझ्या हातात नाही. म्हणजे देव पेडण्याचा, कॅमेरा पणजीचा आणि मध्ये भरडला जाणारा मी.

त्यानंतर यशवंतबाबांनी पाठच धरली. रोज सांज झाली की टोपी घालून बाहेर. आज चौकीवर, उद्या पंचायतीत, परवा माझ्या घरी. आमची ही म्हणायची, "आले हो तुमचे व्याही!" आम्ही जेवायला बसलो तरी त्यांचं संपायचं नाही. माणूस बघतो तेव्हा त्याला लाज असते, खांबाला ती नसते, असं काहीबाही ऐकवत बसायचे. खरं सांगतो, मला पटत होतं. पण पणजीला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटी साहेबांनीच निरोप धाडला. म्हणे चौकीवर या, पडदा आपल्या डोळ्यांनी बघा, घरातलं काही दिसत नाही याची खात्री करून घ्या आणि विषय संपवा. मी यशवंतबाबांना घेऊन सांजेचा गेलो. साहेब नव्हते. एक तरुण हवालदार होता, त्यानं मोठ्या कौतुकानं पडदा लावला.

"बघा काका. तिठा. गुरं. आणि हे इथे कडेला तुमचं घर. नुसता सोपा दिसतो."

सोपा दिसत होता. सोप्यावर सुमनवयनी बसली होती.

केस मोकळे, पाठभर सुटलेले. मांडीत फणी. बाजूला आबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा. तिनं डाव्या हातानं फणी उचलली, केसांपर्यंत नेली, ती अर्ध्यात अडकली आणि हातातून पडली. तिनं पुन्हा उचलली नाही. मान वळवून फाटकाकडे बघत राहिली. फाटकावरून कोणीतरी गेलं, तशी ती जरा पुढे झुकली, आणि माणूस वेगळा निघाला तशी परत मागे टेकली.

 ज्या बाईला आम्ही कधी विस्कटलेल्या केसांनी पाहिलं नव्हतं, ती अशी सगळ्या चौकीसमोर बसली होती.

"तिका जमणा नाय," यशवंतबाब म्हणाले. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "वेणी मी घालतंय. रोज सांजेक. आत तिका वारो लागणा नाय, म्हणान आमी भायर बसतंव. कोणी खाकरलो की मी उठतंय आणि ती पदर घेता. लोकांनी बघला तर तिका लाज वाटात."

हवालदारानं आपली खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसला. मीही भिंतीकडे बघायला लागलो. वाईट वाटत होतं. इतके दिवस ह्या माणसाला आम्ही हसत होतो.

"काका," हवालदार पाठमोराच म्हणाला, "उद्या खांबावर माणूस चढवतो. पणजीला कळवतो, वाऱ्यानं फिरला म्हणून."

यशवंतबाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या कोणी तिकडे बघू नये म्हणून भांडायला आलेला हा माणूस, त्याचीच नजर पडद्यावरून हलेना.

"पंचबाब," ते म्हणाले, "मी नसतंय तेव्हा ती अशी वाटेक बघता?"

 ते उठले. टोपी तिथेच राहिली, मी ती उचलून मागून निघालो. म्हातारा इतका भराभर चालतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

फाटकाशी पोचलो तशी वयनीनं जड जिभेनं विचारलं, "कॅमेरो फिरयतत?"

"फिरयतत," ते म्हणाले. "पण मी आता सांजेचो खय जावचंय नाय." आणि तिच्या मागे बसून त्यांनी पडलेली फणी उचलली.

वयनी हसली. आजारपणानंतर तिचं अर्धंच तोंड हसतं, पण तेवढ्यानंही ती सगळी हलली.

"हालू नको गो," यशवंतबाब म्हणाले. "वेणी वाकडी जाता."